मालमोटारीच्या आधीचा कारखाना

अवजड ओझें घेऊन जाणारी मालमोटार आपण रोज पाहतों. ती कोणी केली असें विचारलें, तर पुढच्या जाळीवरचें नांव वाचून आपण उत्तर देतों. परंतु ज्या सांच्यांतून तिचे भाग निघाले ते सांचे कोणी घडविले, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. या धंद्यांतील ग्यानबाची मेख तेथेंच आहे.

१९४५ सालीं टाटांनीं आगगाडीचीं एंजिनें करण्याकरितां एक कंपनी काढली. तिच्या जमशेदपूरच्या कारखान्यांत १९५४ पासून, जर्मनीच्या डेमलर-बेंझ कंपनीशीं पंधरा वर्षांचा करार होऊन, मालमोटारी होऊं लागल्या. दुसऱ्याच्या नकाशावरून गाडी जुळवितां येते. पण नवी गाडी काढावयाची तर नवे सांचे हवेत, आणि ते दर खेपेस परदेशांतून आणणें म्हणजे दुसऱ्याच्या ओंजळीनें पाणी पिणें होय.

सांच्याचें महत्त्व घरांतील मोदकाच्या सांच्यावरून ध्यानांत येईल. त्याची एक कळी बुजली, तर ताटांतील प्रत्येक मोदकाची तीच कळी बुजते. मालमोटारीच्या चालकाची खोली ज्या पत्र्यांची होते, ते पत्रे असेच दोन अवजड पोलादी अर्ध्यांमध्यें दाबून काढतात. सांचा केसभर चुकला कीं प्रत्येक पत्रा तितकाच चुकतो. दार नीट बसत नाहीं आणि फटींतून पाऊस आंत येतो. म्हणून यंत्रानें कापलेल्या सांच्यावर शेवटचा हात कारागिराचा फिरतो. एका अर्ध्यास रंग लावून दुसरें त्यावर टेकवावयाचें, रंग उमटेल तेवढाच उंचवटा घासावयाचा, आणि पुन्हां टेकवून पाहावयाचें.

सुमंत मुळगांवकर (१९०६–१९८९) यांनीं हें मर्म ओळखलें होतें. १९६६ सालीं पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडच्या माळावर त्यांनीं नव्या कारखान्याचा आरंभ केला, तो मालमोटारीनें नव्हे. आधीं उमेदवारांचें शिक्षण, आणि यंत्रें व सांचे घडविण्याचा विभाग. उजाड माळावर झाडें लावलीं, तळें केलें. १९६९ मध्यें जर्मन करार संपला, तरी जमशेदपूरचें काम थांबलें नाहीं. पुण्याची पहिली मालमोटार बाहेर पडली ती १९७७ मध्यें, म्हणजे अकरा वर्षांनीं.

माझा एक विद्यार्थी दहावीनंतर अशाच एका कारखान्यांत उमेदवारीस गेला. त्याच्या वडिलांस वाईट वाटलें. मीहि त्यास कॉलेजांत जाण्याविषयीं बजावलें होतें. पहिले कित्येक महिने त्यानें नुसती कानस चालविली. "सर, याचसाठीं शिकलों का?" असें त्यानें विचारलें, तेव्हां मजजवळ उत्तर नव्हतें. पुढें पुष्कळ वर्षांनीं तो घरीं आला. बोलतां बोलतां माझ्या टेबलावरून बोट फिरवून म्हणाला, "सर, येथें उंच आहे." मला कांहीं दिसेना. पट्टी आडवी धरली, तेव्हां तिच्या खालून उजेडाची बारीक रेघ दिसली. त्याच्या प्रश्नाचें उत्तर त्याच्याच बोटानें दिलें होतें, आणि मीं दिलेला सल्ला अपुरा होता हें मला त्या दिवशीं कळलें.

मुळगांवकरांच्या त्या कंपनीस २००३ मध्यें टाटा मोटर्स हें नांव मिळालें. नांवें बदलतात, करार संपतात. एखादा कारखानदार गाडी खरोखर घडवितो कीं केवळ जुळवितो, हें पाहावयाचें असेल, तर प्रथम त्याच्या उमेदवारांच्या हातांत कानस आहे कीं नाहीं तें पाहावें.