उभ्या गाडीचा खर्च कुणाच्या माथी?

मालवाहतुकीची गोष्ट : लेखांक 6

गेल्या आठवड्यात आपण धावत्या गाडीचा हिशेब मांडला : डिझेल, टोल, टायर. पण तोटा नेमका कुठे येतो असं एखाद्या गाडीमालकाला विचारा. तो कारखान्याच्या फाटकाकडे बोट दाखवील.

चाकणच्या कारखान्यांबाहेर, भिवंडीच्या गोदामांपुढे, न्हावाशेव्याच्या वाटेवर, कळंबोलीच्या लोखंड बाजारात गाड्यांच्या रांगा लागलेल्या असतात. काही भरायच्या, काही खाली करायच्या. सकाळी पोचलेल्या गाडीचा नंबर संध्याकाळी लागतो. कधी ‘आज जागा नाही, उद्या बघू’ असं उत्तर मिळतं, आणि शनिवारी दुपारी आलेली गाडी सोमवारपर्यंत तिथेच अडकते. या वेळेचे पैसे गाडीमालकाच्या हाती क्वचितच पडतात.

समजा, एका दहाचाकी गाडीचा कर्जाचा हप्ता महिन्याला 60,000 रुपये आहे. गाडी धावो वा उभी राहो, दिवसाला 2,000 रुपये गेलेच. चालकाचा पगार, भत्ता, विमा आणि परमिट यांचा खर्च वेगळा. सहा दिवसांची एक फेरी, म्हणजे महिन्याला पाच फेऱ्या, असं धरून मालकानं भाडं कबूल केलं. आता दोन्ही टोकांना मिळून फेरीमागे दोन दिवस गाडी उभी राहिली, की फेरी आठ दिवसांची होते आणि महिन्याच्या चारही फेऱ्या भरत नाहीत. दर तोच, हप्ताही तोच. सव्वा फेरीची कमाई मात्र बुडाली.

मग मालक खोळंब्याचे पैसे मागत का नाही? आपल्याकडच्या बहुसंख्य गाड्या दोन-चार ट्रक बाळगणाऱ्या छोट्या मालकांच्या आहेत. कारखान्याचा करार असतो मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपनीशी. ती एजंटाकडून गाडी घेते, एजंट दुसऱ्या एजंटाला फोन करतो. मूळ करारात हॉल्टिंगचं, म्हणजे खोळंब्याच्या पैशांचं, कलम असलं, तरी इतक्या हातांतून ती रक्कम शेवटच्या माणसापर्यंत येता येता आटते. त्याहून मोठी अडचण पोचपावतीची. गाडी भरताना भाड्याचा काही भाग ॲडव्हान्स मिळतो. बाकी रक्कम माल उतरल्यावर, सही-शिक्क्याची पोच परत आल्यावरच सुटते. फाटकावर हुज्जत घातली आणि समोरच्यानं पोचेवर ‘माल उशिरा आला’ असा शेरा मारला, तर बाकीतूनच पैसे कापले जातात. म्हणून चालक गप्प राहतो. हे गप्प राहणं मला या धंद्यातला सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

त्यात हमाली आणि वाराईची भर. भरणं-उतरवणं हे वाहतुकीच्या भाड्यात येत नाही, तरी अनेक ठिकाणी ते पैसे चालकाकडूनच वसूल होतात. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदार संघटनांची जुनी मागणी आहे, आणि ती रास्तच आहे.

खोळंब्यात कागदाचं घड्याळही थांबत नाही. साधारणपणे 50,000 रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं आणि त्याची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस. रस्त्यात कोंडीत अडकून मुदत संपली, तर ती वाढवून घ्यायला मुदत संपण्याआधीचे आणि नंतरचे आठ तास एवढीच सवड. ती हुकली आणि तपासणी झाली, तर जीएसटी कायद्याच्या कलम 129 खाली मालाबरोबर गाडीही अडते. 2022 पासून वाहतूकदाराला दंडाची रक्कम किंवा एक लाख रुपये, यांतलं जे कमी ते भरून गाडी सोडवता येते. कागदातली चूक माल पाठवणाऱ्याची असली, तरी अडकते गाडी.

माल पाठवणाऱ्याची बाजूही समजून घ्यायला हवी. सांगलीच्या छोट्या उद्योजकानं दुपारी मागवलेली गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येते, कारण ती आधीच्या कुणाच्या तरी फाटकावर अडकलेली होती. एकाच्या दारातला खोळंबा पुढच्याच्या दारात उशीर होऊन पोचतो. नाशिकहून द्राक्षं घेऊन निघालेल्या रीफर, म्हणजे माल थंड ठेवणाऱ्या, कंटेनरची जहाजाची वेळ हुकली, तर पुढच्या जहाजापर्यंत त्याला वीज पुरवत थांबावं लागतं, भुर्दंड निर्यातदाराला.

खोळंबा होतो तो बराचसा सवयीनं. महिनाअखेरीला विक्रीचे आकडे गाठायचे म्हणून शेवटच्या आठवड्यात सगळा माल एकदम सुटतो. शहरांत अवजड वाहनांना दिवसा बंदी, त्यामुळे गाड्या एकाच वेळी येऊन थडकतात. आणि गोदामात साठा कमी दिसावा म्हणून भरलेल्या गाड्या दारात उभ्या ठेवण्याची पद्धत आहेच. खरेदी विभागाला साठ्याचा जाब द्यावा लागतो. गाडीच्या तासांचा जाब त्याला कुणी विचारत नाही.

त्या तासांत चालक कुठे असतो? बहुतेक फाटकांबाहेर संडास नाही, प्यायला पाणी नाही, सावली नाही. कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांची मर्यादा आहे; पण रांगेत पुढे सरकत राहिलेल्या माणसाचे तास विश्रांतीचे मानले जातात, आणि नंबर लागून गेल्यावर त्यानं रात्रभर गाडी हाणून वेळ भरून काढावी अशी अपेक्षा असते. 1 ऑक्टोबर 2025 पासून तयार होणाऱ्या अवजड ट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली, ते चांगलंच झालं. जुन्या गाड्यांवरचे चालक मात्र उन्हातच आहेत.

पहिलं काम सोपं आहे : पोचपावतीवर गाडी फाटकावर आल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहिणं. जीपीएसमध्ये ती नोंद असतेच. ती सहीखाली यायला हवी. ठरलेल्या तासांनंतर हॉल्टिंग किती आणि ते थेट गाडीमालकाला कधी मिळणार, हे गाडी लावतानाच लिहून घ्यावं. दोन-चार गाड्यांचा मालक एकट्यानं हे मागू शकणार नाही. मागणी संघटनेकडून यावी, आणि मोठ्या कारखान्यांनी ती आपल्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांच्या करारात अट म्हणून घालावी.

पुढच्या आठवड्यात : माल भिजला, फुटला किंवा पोचलाच नाही, तर 2007 च्या कायद्यानुसार भरपाई किती आणि कुणाकडून.