दान द्यावे ते दुभते

विजयादशमीच्या आदल्या दिवशीच निफाडच्या बाजारपेठेत झेंडूच्या राशी लागतात. शेतकरी ट्रॅक्टर धुतो, सुतार करवतीला गंध लावतो, मुले पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती रेखाटतात आणि अलीकडे कचेऱ्यांतून संगणकालाही हळदकुंकू वाहिले जाते. उपजीविकेच्या साधनात देवत्व पाहणारा हा संस्कार आम्हांस फार गोड वाटतो. परंतु नवे साधन आले, की कालपर्यंत पूजिलेल्या जुन्याचे काय होते? हा प्रश्न आम्हांस एका शाळेच्या कोपऱ्यात पडला.

गोदाकाठच्या एका गावी शाळेला शहरातील एका कचेरीने सहा संगणक दान दिले. समारंभास आमचे कीर्तन होते. उत्तररंगात आम्ही कर्णाचे आख्यान लावले आणि दात्यांस त्या दानशूराच्या पंक्तीस नेऊन बसविले. टाळ्या पडल्या, बिदागी मिळाली. दोन वर्षांनी त्याच गावी सप्ताहास गेलो असता शाळेत डोकावलो. सहाही संगणक सुकलेल्या हारांसह भिंतीकडे तोंड करून मांडलेले! दोन कधी सुरूच झाले नव्हते, तिघांत आज्ञावली नव्हती. एक चालत असे, तो पहिल्याच पावसाळ्यात वीज कमीजास्त होऊन निमाला. मुख्याध्यापक म्हणाले, "बुवा, दान परत कसे करावे? आणि भंगारात काढावे, तर नोंदवहीत चढले आहेत." त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच आम्ही अधिक खजील झालो. त्या दानाचे गुण आम्हीच गायिले होते.

त्या रात्री आम्हांस कर्ण नव्हे, वाजश्रवस आठवला. कठोपनिषदाच्या आरंभी हा ऋषी सर्वस्वदानाचा यज्ञ करतो. पण दक्षिणेसाठी गोठ्यातून बाहेर काढतो त्या म्हाताऱ्या, दूध आटलेल्या, पुन्हा न विणाऱ्या गायी. लहानगा नचिकेता हे पाहतो आणि त्याचे अंतःकरण कळवळते; असे दान देणाऱ्यास आनंदाचा लोक लाभत नाही, हे त्या बालकास उमगते. श्रीमदाद्य शंकराचार्य भाष्यात सांगतात, की हा यज्ञ विश्वजित होता. वाचकहो, योगायोग पाहा. दसऱ्याला आपट्याचे सोने लुटताना ज्या रघुराजाची कथा आपण सांगतो, त्यानेही विश्वजितच केला होता. कालिदासाच्या रघुवंशात तो सारे देऊन इतका रिता झाला, की वरतंतूचा शिष्य कौत्स दारी आला तेव्हा अर्घ्य द्यावयास मातीचेच पात्र उरले होते. यज्ञ एकच, एकाने गोठा झाडला, दुसऱ्याने कोश रिता केला.

हा भेद जगाच्या व्यवहारातही दिसतो. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीनुसार २०२२ साली जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निघाला. त्यापैकी रीतसर गोळा होऊन पुनर्वापरास गेल्याची नोंद एक चतुर्थांशाचीही नाही. घाना देशातील आक्रा शहरी अगबोगब्लोशी नावाचे भंगारक्षेत्र होते. श्रीमंत देशांतून वापरलेली म्हणून आलेली पुष्कळ यंत्रे अखेर तेथे पोचत आणि तरुण पोरे तांब्यासाठी तारा जाळीत विषारी धुरात उभी राहत. २०२१ साली ते क्षेत्र सरकारने हटविले. पण निकामी वस्तूला दानाचे नाव देण्याची वृत्ती हटली, असे कोण म्हणेल?

याउलट उदाहरण शेजारच्या गोव्याचे आहे. या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत अमेरिकेतील गोवेकरांच्या 'गोवा सुधारोप' या संस्थेने 'वर्ल्ड कॉम्प्युटर एक्स्चेंज' या तेथील संस्थेच्या साहाय्याने वापरलेले संगणक समुद्रमार्गे आणवून गोव्यातील शाळांस पुरविले. त्या उपक्रमात लिनक्स ही मुक्त आज्ञावली वापरली गेली. तिला परवान्याचे मूल्य पडत नाही आणि ती जुन्या यंत्रावरही चालते. आपल्या सी-डॅकनेही भारतीय भाषांसाठी 'बॉस' ही लिनक्सचीच आवृत्ती सिद्ध केली असून तीत मराठीची सोय आहे.

आज हा विषय अधिक निकडीचा झाला आहे. विंडोज १० या आज्ञावलीस कंपनीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबला. तिची पुढली आवृत्ती अनेक जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. त्यामुळे धडधाकट संगणकही कचेऱ्यांतून निवृत्त होत आहेत. ही गाय भाकड नाही, तिला केवळ वैरण हवी. जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी बसवावी, स्मृती वाढवावी, नाण्याएवढी घड्याळाची बॅटरी बदलावी, पंख्यावरील धूळ झाडावी. पुष्कळ यंत्रे पुन्हा दूध देऊ लागतात. आपली खासगी माहिती आधी नीट पुसावी. एक दिवसभर यंत्र चालवून पाहावे आणि मगच शाळेचा उंबरठा ओलांडू द्यावा. जे खरोखरच मेले आहे, ते नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे सोपवावे. १ एप्रिल २०२३ पासून लागू असलेल्या नियमांचा रोखही तोच आहे.

दान तेवढ्यावर संपत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात सात्त्विक दानासाठी देश, काल आणि पात्र पाहावयास सांगितले आहे. शाळेत वायरिंग व अर्थिंग आहे काय, वीज गेल्यास यूपीएस आहे काय, शिकवील असा शिक्षक आहे काय, हे विचारणे म्हणजेच देश-काल-पात्र पाहणे. इंटरनेट नसले, तरी मराठी विकिपीडिया यंत्रात साठवून वाचता येतो. आणि शाळांनीही कौत्साची निःस्पृहता अंगी बाणवावी. रघूने सारे धन पुढे केले. तरी गुरूस देणे होते त्याहून अधिक त्या शिष्याने घेतले नाही. जे उपयोगी नाही ते नम्रपणे नाकारणे, हा दात्याचा अपमान नव्हे.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८४२ साली याच निफाडात झाला. त्यांच्या गावाच्या आसमंतातील मुलांस विद्येचे साधन म्हणून शिळेपाके मिळावे, हे आम्हांस साहवेना. त्या कीर्तनाची बिदागी आम्ही शाळेस परत केली. गावातल्याच एका तंत्रज्ञ तरुणाने सहा यंत्रांचे भाग जुळवून त्यातून तीन उभी केली. उरलेला सांगाडा रीतसर मार्गी लावला. गेल्या दसऱ्यास तेथे गेलो, तेव्हा तिसरीतील एक मुलगी पडद्यावर आपले नाव देवनागरीत उमटवीत होती. जोडाक्षर साधेना, म्हणून पुनःपुन्हा पुसत होती. आम्ही मागे उभे होतो, हे तिच्या गावीही नव्हते.

उद्या आपट्याचे पान हाती देताना, वाचकहो, घरातल्या वा कचेरीतल्या त्या जुन्या यंत्राकडेही एकदा पाहा. आधी ते सुरू करून पाहा. मग दान करा.