सर्कोस आकृतीतील आयतालेख व हीट मॅप

सर्कोस ही मार्टिन क्रिझविन्स्की व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेली संगणक प्रणाली गुणसूत्रे वर्तुळाच्या परिघावर कमानींसारखी मांडते. जनुकांची घनता यांसारखी माहिती आतील वा बाहेरील कड्यांत दाखवली जाते. आयतालेखात मूल्य स्तंभाच्या उंचीवरून, तर हीट मॅपमध्ये रंगछटेवरून कळते. उंचीची गरज नसल्याने हीट मॅपचे कडे अरुंद चालते व अनेक नमुने शेजारी बसतात. नेमके मूल्य मात्र रंगावरून वाचणे अवघडच.

मानवी जनुकसंचात सुमारे ३.१ अब्ज बेस-जोड्या असतात. १,५०० पिक्सेल त्रिज्येच्या परिघावर एका पिक्सेलच्या वाट्याला त्यांपैकी सुमारे ३.३ लाख येतात. त्यामुळे आधी समान खंड पाडून प्रत्येकाची सरासरी काढतात. खंड फार मोठे घेतल्यास कर्करोगाच्या पेशीत एकाच जनुकाच्या वाढलेल्या प्रती सरासरीत लपून जातात.