शंभर बादल्यांमागे एक ग्रेन

मैत्रिणीने बोटभर उंचीची काचेची कुपी पुढे केली. आत पाणी, आणि तळाशी सोन्याचे पिवळे कण. माझं लक्ष मात्र तिच्या हातांकडे गेलं. लॉस एंजेलिसमध्ये आठवडाभर संगणकासमोर बसणारी ही बाई; तिच्या नखांत माती मुरली होती आणि तळहातांना घट्टे पडले होते. "किती असेल गं हे?" मी विचारलं. "अजून ग्रॅमसुद्धा भरलं नाही," ती म्हणाली. म्हणताना चेहऱ्यावर खंत म्हणून नव्हती. ते काही मला उलगडेना. म्हणून फेब्रुवारीतल्या एका थंड पहाटे ती आणि तिचा नवरा सोनं शोधायला निघाले, तेव्हा मीही त्यांच्या गाडीत बसले. मागच्या सीटवर त्यांचा कुत्रा मोती, पायाशी पाण्याचे कॅन.

दोन-अडीच तासांनी मोहावी वाळवंटातलं रँड्सबर्ग येतं. या भागात १८९३मध्ये गोलरच्या घळीत सोनं सापडलं. दोन वर्षांनी रँडच्या डोंगरात मोठा साठा लागला आणि 'यलो ॲस्टर' खाण उभी राहिली. दक्षिण आफ्रिकेतल्या 'रँड' या सोन्याच्या पट्ट्याचा तेव्हा बोलबाला होता, म्हणून डोंगराला रँड हे नाव पडलं. शेजारच्या वस्तीचं नाव तर थेट जोहान्सबर्ग. सोनं होतं, पाणी नव्हतं. खडक दळायला पाणी लागतं, म्हणून तो गाड्यांत भरून गार्लॉकला न्यायचे, कारण विहिरी तिथे होत्या. पुढे १८९८मध्ये रेल्वे आली, खडक बार्स्टोच्या गिरणीकडे जाऊ लागला आणि गार्लॉक ओस पडलं. या मुलखात गाव वसवायचं की उठवायचं, हे पाण्याने ठरवलं.

एल पासो डोंगररांगेतल्या एका कोरड्या घळीत क्लेमवाले आजोबा आमची वाट पाहत होते. सगळे त्यांना आजोबाच म्हणतात, इंग्रजीत. आयुष्य ट्रक दुरुस्त करण्यात गेलं, आता सत्तरी उलटली आहे. सरकारी जमिनीवर खांब रोवून क्लेम, म्हणजे खाणकामाचा हक्क, नोंदवण्याची मुभा देणारा १८७२चा खाण कायदा अजून लागू आहे. त्यांचे चार खांब त्या कायद्याच्या आधारावर उभे आहेत. सोबत त्यांची तांबूस कुत्री, पुढच्या एका पायाने लंगडणारी.

पहिला तास कुत्र्यांचा. गळपट्ट्यावरचे धातूचे बिल्ले काढून खिशात टाकायचे, नाहीतर मोती जवळून गेला की मेटल डिटेक्टर किंचाळतो. झुडपाला ताडपत्री बांधून सावली करायची. चोया निवडुंगाचे काटे पंजात घुसतात म्हणून जाड दातांचा कंगवा आणि पक्कड हाताशी ठेवायची. जवळपास जुन्या खाणींची उघडी तोंडं आहेत, म्हणून दोरी सोडायची नाही. शेवटी पाणी ओतायचं. आजोबांचा नियम ठरलेला: आधी कुत्री, मग सोनं. कुत्र्यांची दिवसभराची तहान भागून जे उरेल, त्यात सोनं धुवायचं.

"यात मिळतं किती?" मी विचारलं.

"शंभर बादल्यांमागे एक ग्रेन."

ग्रेन हे गुंजेसारखं जुनं वजन, ग्रॅमचा साधारण पंधरावा हिस्सा. म्हणजे जेमतेम अर्धी गुंज. आपला जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा. मी मनातल्या मनात गुणाकार केला: तोळ्याला अठरा हजार बादल्या. आजोबांना सांगितलं, तर ते म्हणाले, "मग घाई केली पाहिजे," आणि बसायची पाटी झटकून गुडघ्यावर टेकले.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मी कितीतरी वेळ पाहत राहिले. पुराचं पाणी वर्षा-दोन वर्षांतून एकदा घळीतून धडधडत जातं. सोनं पाण्याच्या एकोणीस पट जड, गारगोटीची वाळू अडीच-पावणेतीन पट. त्यामुळे धार मंदावते तिथे, वळणाच्या आतल्या अंगाला, मोठ्या धोंड्याच्या आडोशाला, सोनं खाली बसतं आणि कातळ लागेपर्यंत खाली खाली जातं. आजोबा तो कातळ उघडा करत होते. आधी फावडं, मग खुरपं, मग वाकवलेला स्क्रू-ड्रायव्हर, आणि शेवटी रंगाचा झिजलेला ब्रश. बोटही जाणार नाही अशा भेगेतून ते ब्रशने चिमूट चिमूट माती काढून बादलीत टाकत होते. मधेच ब्रश थांबायचा, मान तिरकी व्हायची, पुन्हा सुरू. बोलणं बंद. कुत्री उठून जवळ आली तेव्हा तिच्या पाठीवर डावा हात गेला. उजवा भेगेतच होता.

पाणी नसलेल्या जागी मातीतून सोनं वेगळं करायला वापरायच्या यंत्राला ड्रायवॉशर म्हणतात. वर तिरकी जाळी, तिच्यावरून गोटे घरंगळून जातात. खाली उतरता ट्रे, त्याला कापडाचा तळ आणि आडव्या पट्ट्या. खालचा भाता कापडातून हवेचे हबके मारतो. हलकी वाळू उडत पुढे जाते, जड माल पट्ट्यांमागे अडकतो. खळ्यावरची उपणणीच ही, फक्त इथे दाणा ठेवून द्यायचा आणि डोंगराएवढं भूस मागे टाकायचं. माती मात्र खडखडीत वाळलेली हवी. आठवड्यापूर्वी पाऊस झालेला, ढेकळं जाळीवर चिकटत होती, म्हणून अर्धा माल ताडपत्रीवर उन्हात पसरावा लागला. ओल्या क्रिओसोट झुडपांचा उग्र, औषधी वास घळीत कोंडला होता. पहिल्या पावसाचा आपला मृद्गंध नव्हे. हा नाकात जाऊन बसतो आणि अंगावरच्या कपड्यांबरोबर घरी येतो.

यंत्र सुरू झालं की धुळीचा पडदा उभा राहतो. या मातीत एक बुरशी असते. ती श्वासातून गेली तर 'व्हॅली फीव्हर' होतो, माणसाला आणि कुत्र्यालाही. आम्ही मास्क लावले. कुत्र्यांना मास्क कसला, म्हणून त्यांना वाऱ्याच्या उलट अंगाला नेऊन बांधलं. वारा फिरला की आजोबा भाता थांबवत, कुत्र्यांची जागा बदलत आणि मग पुढे. दिवसाच्या कामाचा बराच वेळ यातच गेला.

माझ्या आजोळी सराफ गल्लीत झारेकरी यायचे. सोनारांच्या दुकानातला केर, भट्टीची राख विकत घेऊन ते घरी धुवायचे. त्यातल्या कणांवर घर चालायचं. त्यांना कुणी विचारलं नाही की यात तुम्हाला काय आनंद मिळतो. इथे दिवसाला पेट्रोलवर जेवढे जातात, तेवढ्याचं सोनं हाती लागत नाही. पोट भरलेल्या माणसांनी केलेले हे कष्ट आहेत. हा विचार माझ्या मनातून जात नव्हता.

"खरंच मोजल्यात शंभर बादल्या?" मी खोचकपणे विचारलं.

"कुणीतरी मला सांगितलं, मी तुला सांगतोय," आजोबा शांतपणे म्हणाले.

दुपारी कुत्री पाणी पिऊन आडवी झाली आणि उरलेलं पाणी टबात पडलं. मैत्रीण पॅन फिरवत बसली. वाळू गेली, काळी वाळू उरली. तिच्यात बहुतेक लोहाचं खनिज. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं चुंबक फिरवून तेही उचललं. पॅनच्या कडेला एक बारीक पिवळी रेघ राहिली. सगळे वाकले. तिचा नवरा म्हणाला, "ग्रेन असेल." आजोबा म्हणाले, "अर्धा."

सोन्याचा भाव वाढला की आजोबांना काळजी लागते. जवळचा यलो ॲस्टरचा डोंगर १९८०च्या दशकात उघड्या खाणीने पुन्हा खोदला गेला: खडक फोडून ढीग रचायचे, त्यांवर सायनाइडचं पातळ द्रावण सोडायचं. या पद्धतीत टनामागे ग्रॅमभराहून कमी सोनं असलं तरी परवडतं. आजोबांची शंभर बादल्यांची माती म्हणजे अंदाजे अडीच टन. टनाला जेमतेम ग्रॅमचा चाळिसावा भाग येतो. एवढ्याशासाठी कुठलीच कंपनी यंत्रं आणणार नाही. सोनं इतकं थोडं आहे म्हणून ही घळ अजून घळ आहे, आणि म्हणून तिथे चार मित्र आणि दोन कुत्री दिवसभर निवांत बसू शकतात. मैत्रिणीच्या चेहऱ्यावर खंत का नव्हती, ते मला इथे कळलं.

पण भाव वाढला की रात्री-अपरात्री डिटेक्टर घेऊन अनोळखी माणसं येतात, खड्डे काढतात आणि तसेच टाकून जातात. लंगड्या कुत्रीचा पाय अशाच एका खड्ड्यात मोडला होता. म्हणून निघण्याआधी आजोबा सगळ्यांच्या हातात फावडी देतात. उपसलेली माती, गोटे, ड्रायवॉशरमागचा ढीग, सगळं परत खड्ड्यात. वर पाय देऊन दाबायचं. अंग मोडून आलं होतं, उपसण्यापेक्षा बुजवणं जड गेलं.

"म्हणजे शंभर नाही, दोनशे बादल्या झाल्या," मी म्हटलं. "तोळ्याला छत्तीस हजार."

"हं," आजोबा म्हणाले. "मला ज्यांनी सांगितलं, ते बुजवत नसणार."