लोहाऱ्यातला 'ऱ्या' आणि फेडोराची टेस्टिंग

काल शेजारचे काका डोकावले. स्क्रीनवर मी एकच ओळ पुन्हापुन्हा टाइप करत होतो: 'लोहाऱ्याच्या आचाऱ्याने आचार्यांना बोलावलं.'
"बरा आहेस ना बाप्पा?"

बरा आहे. फॉन्टचं पॅकेज तपासत होतो.

मी फेडोरा लिनक्स वापरतो. त्यातलं नवं पॅकेज थेट सगळ्यांकडे जात नाही. आधी ते 'अपडेट्स-टेस्टिंग' रिपोत थांबतं, साधारण आठवडाभर. तेवढ्यात माझ्यासारखे लोक ते टाकून बघतात आणि 'बोधी' नावाच्या यंत्रणेत अधिक किंवा उणे देतात. या गुणांना म्हणतात 'कर्मा'. उणे साचले की पॅकेज मागे जातं.

माझी आवड लोहित फॉन्ट. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेककडून करून घेतलेले हे फॉन्ट रेड हॅटने 2004 मध्ये मुक्त केले.

तपासतो काय? आधी चेंजलॉग वाचतो. मग आचाऱ्यातला चंद्रकोरीसारखा अर्धा र आणि आचार्यातला रफार वेगळे दिसतात का ते बघतो. हा 'ऱ्य' दोन तऱ्हांनी टाइप होतो: नुक्त्याच्या ऱ ने, किंवा र, हलन्त आणि एक न दिसणारं जोडणारं चिन्ह घालून. दोन्ही करून बघावे लागतात. मराठी वळणाचे ल आणि श सुद्धा. शेवटी पीडीएफ काढतो, कारण स्क्रीनवर नीट दिसणारं तिथे तुटू शकतं.

उणे देताना नुसतं 'चालत नाही' लिहू नका राव! कोणती आवृत्ती, कोणता शब्द, स्क्रीनशॉट, सगळं द्या.

पहिल्यांदा करताय? रोजच्या कामाच्या मशीनवर नको, व्हर्च्युअल मशीनवर करा. अडलं तर कमेंटमध्ये विचारा.