पिकअपवाल्या हॅचबॅकचा हिशेब: नवी की डेमोची?

हॉट हॅचबॅक म्हणजे घरच्या वापराच्या आखूड गाडीत बसवलेले तिच्या ऐपतीबाहेरचे इंजिन. हा प्रकार लोकप्रिय केला तो १९७६ साली आलेल्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयने. ११० अश्वशक्ती, वजन जेमतेम ८०० किलोच्या आसपास, चौकड्यांच्या कापडाच्या सीट आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू. कंपनीने सुरुवातीला ५,००० गाड्यांचाच बेत आखला होता, पण पहिल्याच पिढीच्या साडेचार लाखांहून जास्त गाड्या खपल्या. भारतात मात्र हा प्रकार कायम हौशी लोकांपुरता राहिला. आल्या त्या गाड्या थोड्या काळासाठी आल्या आणि गाजावाजा न होता बंद झाल्या. रांजणगावच्या कारखान्यात बनलेली १४५ अश्वशक्तीची अबार्थ पुंटो २०१५ साली ९ लाख ९५ हजारांना मिळत होती. त्या किमतीत तेवढी ताकद नंतर कोणीच दिली नाही, आणि तरीही ती फारशी खपली नाही. बलेनो आरएस, टियागो जेटीपी यांचीही गत तीच झाली.

२०२५ साली बाजाराची दोन टोके होती. एका टोकाला ह्युंदाई आय-२० एन लाइन आणि टाटाची अल्ट्रोझ रेसर. दोन्ही १२० अश्वशक्तीच्या, चार मीटरच्या आतल्या, दहा-बारा लाखांच्या घरातल्या. जाणकार या दोघींना ‘हॉट’ऐवजी ‘वॉर्म’ म्हणतात आणि ते बरोबर आहे, पण मुंबई-पुणे रस्त्यावरच्या घाटात तेवढी ऊब पुरते. दुसऱ्या टोकाला मे २०२५ मध्ये पूर्ण बनलेल्या अवस्थेत आयात झालेली गोल्फ जीटीआय: २६५ अश्वशक्ती, ५.९ सेकंदांत शंभरचा वेग, तेव्हाची एक्स-शोरूम किंमत ५२ लाख ९९ हजार. पहिल्या १५० गाड्या हातोहात संपल्या. मधल्या जागेत, म्हणजे वीस-पंचवीस लाखांत, जवळपास काहीच नव्हते. ‘नवी घ्यावी की शोरूमची डेमो गाडी’ हा प्रश्न त्यामुळे मुख्यतः पहिल्या टोकाचा आहे, आणि २२ सप्टेंबर २०२५ रोजी जीएसटीचे दर बदलल्यापासून तो जास्त गुंतागुंतीचा झाला आहे.

चार मीटरच्या आतल्या आणि १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर त्या तारखेपर्यंत २८ टक्के जीएसटी आणि १ टक्का उपकर होता. आता सरसकट १८ टक्के आहे. एन लाइनचे ९९८ सीसीचे आणि रेसरचे १,१९९ सीसीचे इंजिन या व्याख्येत बसते. याचा साधा अर्थ असा, की त्या तारखेआधी १२ लाखांना मिळणारी गाडी, कंपनीने बाकी काही बदलले नसेल तर, आता १० लाख ९८ हजारांना मिळायला हवी. शोरूमच्या आवारात उभी असलेली डेमो गाडी मात्र जुन्या बिलाची असू शकते. विक्रेता म्हणतो, “बारा लाखांची गाडी दहाला देतो, दोन लाख सूट.” ऐकायला ती सतरा टक्के सूट वाटते. प्रत्यक्षात नव्या किमतीशी ताडली तर सूट ९८ हजारांची, म्हणजे नऊ टक्क्यांची आहे. उरलेली सूट सरकारने आधीच सगळ्यांना देऊन टाकली आहे.

यावर विक्रेत्याचे ठरलेले उत्तर असते, की गाडी आम्ही जुना कर भरून घेतली, तो तोटा कोणी सोसायचा? हे उत्तर निम्मेच खरे असण्याची शक्यता मोठी आहे. केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून स्पष्ट केले, की डेमो गाडीवर भरलेल्या जीएसटीचे इनपुट क्रेडिट विक्रेत्याला घेता येते. क्रेडिट घेतले असेल तर तो जीएसटी त्याच्या खिशातून गेलेलाच नाही. ओळखण्याची खूण बिलावरच असते. क्रेडिट घेतलेली गाडी विकताना पूर्ण किमतीवर जीएसटी लावावा लागतो, आणि न घेतलेली गाडी जुन्या गाड्यांच्या नियमाने फक्त नफ्याच्या रकमेवर कर लावून विकता येते. बोलणी सुरू करताना ‘बिल कसे करणार?’ एवढे विचारले तरी समोरच्याच्या बोलण्यातली ऐट कमी होते.

मग डेमो गाडीची योग्य किंमत किती? यासाठी विमा क्षेत्राचा घसाऱ्याचा तक्ता सर्वांत उपयोगी पडतो आणि तो फारसे कोणी वापरत नाही. गाडी सहा महिन्यांपर्यंतची असेल तर ५ टक्के, सहा महिने ते एक वर्ष १५, एक ते दोन वर्षे २०, दोन ते तीन वर्षे ३० टक्के. या तक्त्याचे वैशिष्ट्य असे, की घसारा मोजला जातो तो विमा उतरवतानाच्या चालू किमतीवर. गाडी कधीकाळी कितीला घेतली याला तिथे किंमत नाही. वरच्या उदाहरणातली गाडी दहा महिन्यांची असेल तर १० लाख ९८ हजारांतून १५ टक्के वजा जाता ९ लाख ३३ हजार राहतात. बोलणी या आकड्यापासून खाली जायला हवीत, कारण तक्ता सामान्य वापराच्या गाडीसाठी आहे आणि डेमो गाडीचा वापर सामान्य नसतो.

इथे डेमो गाडीच्या बाजूने एक मोठा मुद्दा मान्य करावा लागतो. काही डेमो गाड्यांचे विक्रेत्याच्या नावावर आरटीओ पासिंग झालेले असते. काही ट्रेड सर्टिफिकेटवर, लाल पाटीवर पांढऱ्या अक्षरांच्या क्रमांकाने फिरतात. महाराष्ट्रात दहा ते वीस लाखांच्या पेट्रोल गाडीला व्यक्तीच्या नावावर १२ टक्के एकरकमी कर पडतो आणि कंपनीच्या नावावर २० टक्के. पासिंग झालेली गाडी घेतली, की आपल्या उदाहरणातला साधारण १ लाख ३० हजारांचा कर वाचतो. एरवी फुगवून सांगितलेल्या सुटीपेक्षा ही बचत जास्त खरी. मात्र ती फुकट येत नाही. आरसीवर खरेदीदार दुसरा मालक ठरतो, बँक जुन्या गाडीच्या दराने कर्ज देते, आणि पुढे विकताना ‘सेकंड ओनर’ हे दोन शब्द किंमत पाडतात. लाल पाटीची गाडी घेतली तर मालक पहिलाच, पण कर सगळा भरायचा. म्हणून दोन डेमो गाड्यांची तुलनाही एक्स-शोरूमवर करता येत नाही. सगळे आकडे ऑन-रोडवर आणूनच पाहावे लागतात. गाडी परराज्यातल्या पासिंगची असेल तर ना-हरकत दाखला आणि इथला कर असा वेगळाच व्याप मागे लागतो. स्वस्त दिसणाऱ्या बऱ्याच गाड्या तिथेच महाग होतात.

वॉरंटीचे घड्याळ पहिल्या विक्रीच्या किंवा नोंदणीच्या तारखेपासून चालू झालेले असते. वर्षभर शोरूममध्ये फिरलेल्या गाडीचे एक वर्ष गेले, मग किलोमीटर दोन हजार असोत की आठ हजार. वाढीव वॉरंटी अजून घेता येते का, हे कंपनीकडून लेखी घेतलेले बरे.

आता खरा मुद्दा, म्हणजे ते किलोमीटर. साध्या हॅचबॅकची डेमो गाडी घ्यायला फारसे घाबरायचे कारण नसते. तिच्यात बसणारा ग्राहक डिकी पाहतो, एसी पाहतो, आईवडिलांना मागे बसवून पाहतो आणि सावकाश एक चक्कर मारून येतो. हॉट हॅचबॅकच्या टेस्ट ड्राइव्हला येणारा माणूस ॲक्सिलरेटर तळाला टेकवायलाच आलेला असतो. शेजारी बसलेला सेल्समनच त्याला मोकळा रस्ता दाखवतो आणि म्हणतो, “साहेब, इथे पिकअप बघा.” ही चक्कर पाच-सात किलोमीटरची. इंजिनातले पाणी त्यात तापते, ऑइलला तापायला त्याहून वेळ लागतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याला आधार असतो तो ऑइलच्या पातळ थराचा. चक्कर संपली, की गाडी लगेच बंद. तापलेल्या टर्बोतले ऑइल जागच्या जागी करपते. असे आठवड्यातून कित्येकदा आणि वर्षभर होत राहते. नव्या इंजिनाला पहिले हजार-दीड हजार किलोमीटर सांभाळून चालवायचे असते, हे तर डेमो गाडीच्या बाबतीत कोणाच्या गावीही नसते.

मीटर यातले काहीच सांगत नाही. टायर सांगतात. प्रत्येक टायरच्या कडेला चार आकडी खूण असते. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३२२४ म्हणजे २०२४ सालचा बत्तिसावा आठवडा. ही तारीख गाडीच्या उत्पादनाच्या महिन्याच्या थोडी आधीची असायला हवी. चार हजार किलोमीटर चाललेल्या डेमो गाडीला पुढचे दोन टायर गाडीपेक्षा नवे असतील, तर ‘बघा, टायर नवेकोरे टाकून देतोय’ हे विक्रेत्याचे वाक्य कौतुकाने ऐकण्यासारखे नाही, कारण जुने टायर चार हजारांत का संपले हा प्रश्न उरतोच. नव्या टायरची खाच साधारण आठ मिलिमीटर खोल असते आणि कायद्याची मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. या सगळ्या गाड्या पुढच्या चाकांनी ओढल्या जातात, त्यामुळे पुढचे आणि मागचे टायर यांच्या झिजेतला फरक म्हणजे आधीच्या शेकडो पायांची वहीच असते. फरक अर्ध्या मिलिमीटरचा असेल तर गाडी भल्या माणसांनी चालवली आहे. दोन-तीनचा असेल तर ट्रॅफिक सिग्नलवरून चाके फिरवत सुटणे नित्याचे होते. टायरच्या बाहेरच्या कडेवरून हात फिरवल्यावर पिसांसारखे खरखरीत लागले, तर वळणेही तशीच घेतलेली आहेत. टायरनंतर ब्रेकची डिस्क पाहावी. तिच्यावर निळसर झाक किंवा काठाला ओठ उमटलेला असेल तर ती भरपूर तापलेली आहे.

क्लचची परीक्षा मॅन्युअल गाडीत सोपी आहे: वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबला आणि इंजिनाचा आवाज वाढूनही गाडीने वेग घेतला नाही, तर क्लच प्लेट गेली. ड्युअल क्लच गिअरबॉक्समध्ये हे इतके सहज कळत नाही. गाडी थंड असताना आणि नंतर अर्धा तास गर्दीत चालवल्यावर, दोन्ही वेळा पहिला-दुसरा गिअर धक्का न देता पडतो का, हे पाहावे लागते. म्हणूनच डेमो घ्यायचीच असेल तर मॅन्युअल घेण्यात धोका कमी. रेसर मॅन्युअलच आहे. एन लाइनलाही २०२३ पासून क्लचच्या पेडलचा खरा मॅन्युअल गिअरबॉक्स मिळू लागला.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असला तरी सोडता येत नाही. नोंदणी क्रमांक वाहन पोर्टलवर टाकून पहिल्या नोंदणीची तारीख आणि कर्जाचा बोजा पाहता येतो. डेमो गाड्या बहुधा कर्जावर घेतलेल्या असतात, तेव्हा बोजा उतरवल्याचा फॉर्म ३५ आणि हस्तांतरणाचे फॉर्म २९ व ३० पैसे देण्याआधी हातात हवेत. थकलेले ई-चलान विक्रेत्यानेच भरायचे. विमा चौदा दिवसांत नावावर करून घ्यायचा. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस त्याच्याबरोबरच जातो. आधीचा क्लेम झाला होता का, हे विमा कंपनीला विचारायचे. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये ऑइल बदलल्याची तारीख पाहायची. ‘आमचीच गाडी, आमचेच वर्कशॉप’ असल्यामुळे नेमकी हीच सर्व्हिस राहून गेलेली सापडते. आणि उलट बाजूची सावधगिरी अशी, की नवी म्हणून घेतलेली गाडी डेमोची तर नाही ना, हेही चेसिस क्रमांकावरून आणि मीटरवरून पाहायचे. डेमो गाडी नवी म्हणून गळ्यात मारणे ही ग्राहक कायद्याच्या भाषेत अनुचित व्यापार प्रथा आहे.

आयात गाडीचा प्रकार निराळा. २०१८ च्या नियमामुळे कंपन्यांना वर्षाला २,५०० गाड्यांपर्यंत इथल्या वेगळ्या चाचण्यांशिवाय आणता येतात. गोल्फ जीटीआयसारख्या तुकड्या त्यामुळे शक्य झाल्या. महाराष्ट्रात आयात गाडीला २० टक्के कर पडतो, म्हणजे मे २०२५ च्या किमतीला गोल्फवर सुमारे साडेदहा लाख. विम्याआधीच आकडा ६३ लाखांपुढे जात होता. अशा गाडीची पासिंग झालेली डेमो मिळाली तर वाचणारा करच एका चांगल्या हॅचबॅकच्या किमतीएवढा असतो, आणि तिथे टायर-ब्रेक नवे टाकण्याचा खर्च त्यापुढे किरकोळ ठरतो. घाईने नवी घेणाऱ्यांसाठी पोलो जीटीआयची आठवण पुरेशी आहे. नोव्हेंबर २०१६ मध्ये २५ लाख ९९ हजारांना आलेली ती तीन दारांची गाडी, फक्त ९९ आणणार म्हणून गाजली. वर्षही व्हायच्या आत तिची किंमत सहा लाखांनी उतरवून १९ लाख ९९ हजार करावी लागली.

दहा-बारा लाखांच्या गाड्यांत मात्र जीएसटी उतरल्यानंतर तराजू नव्या गाडीकडे झुकला आहे. पासिंग झालेली, वर्षाच्या आतली, मूळ टायरवरची मॅन्युअल डेमो गाडी नव्या ऑन-रोड किमतीपेक्षा अडीच-तीन लाखांनी कमी मिळत असेल तर घ्यावी. त्याहून कमी फरकात नवीच घ्यावी आणि पहिले दीड हजार किलोमीटर स्वतःच्या पायाने चालवावेत.