बॅकअप ड्राइव्ह खरोखर माउंट झाली आहे का?

ड्राइव्ह केबलने जोडली, एवढ्याने ती वापरता येत नाही. तिच्यावरची फाइल-रचना ऑपरेटिंग सिस्टीमने आपल्या फोल्डरांच्या मांडणीत बसवावी लागते. यालाच माउंट करणे म्हणतात. विंडोजमध्ये तिला सहसा ‘ई’ किंवा ‘एफ’सारखे अक्षर मिळते. लिनक्समध्ये ती एखाद्या रिकाम्या फोल्डरवर बसते, आणि खरी गोम इथेच आहे. ड्राइव्ह माउंट झाली नाही तरी तो फोल्डर जागेवर असतोच. रात्री आपोआप चालणारा बॅकअप मग सगळा डेटा त्या फोल्डरात, म्हणजे संगणकाच्या मूळ डिस्कवरच लिहीत राहतो. पुढे ड्राइव्ह माउंट झाली की त्या प्रती तिच्याआड झाकल्या जातात. डिस्क भरलेली दिसते, पण कशाने ते सापडत नाही. म्हणून स्क्रिप्टमध्ये आधी ‘माउंटपॉइंट’ ही आज्ञा चालवावी आणि उत्तर नकारार्थी आल्यास काम तिथेच थांबवावे. ही तपासणी कोणीही गाळू नये.

काम संपल्यावर ड्राइव्ह अनमाउंट करावी, म्हणजे मेमरीत थांबलेला डेटा डिस्कवर पूर्ण उतरतो. मे २०१७ मधल्या ‘वॉनाक्राय’ या खंडणी मागणाऱ्या प्रोग्रॅमच्या हल्ल्यात जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फाइलीही कुलूपबंद होत होत्या. त्यामुळे निदान एक ड्राइव्ह तरी एरवी केबल काढूनच ठेवावी, असे माझे ठाम मत आहे.